काळा घोडा : काहीही विकत न घेता आत येण्याचा इतिहास

दक्षिण मुंबईतल्या एका चौकाला घोड्याचं नाव आहे. १९६५ ते २०१७ अशी तब्बल बावन्न वर्षं त्या चौकात घोडाच नव्हता. तरी कोणाचं काही अडलं नाही. टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ एवढं सांगितलं की तो बरोबर जहांगीर आर्ट गॅलरीपाशी आणून सोडायचा.

मूळ पुतळा होता ब्रिटनच्या युवराजाचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेल्या माणसाचा. १८७५च्या अखेरीस तो मुंबईत येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने पुतळा घडवून घेतला. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोहम. १८७९मध्ये तो इथे उभा राहिला. ब्राँझचा काळपट घोडा आणि त्यावर राजपुत्र. मुंबईकरांनी राजपुत्राकडे साफ काणाडोळा केला आणि चौकाला घोड्याचं नाव देऊन टाकलं. स्वातंत्र्यानंतर गोऱ्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले गेले, तेव्हा १९६५मध्ये घोडा स्वारासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७मध्ये चौकात नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर कोणीच नाही.

आज तुम्ही काळा घोड्याला जाता ते बहुतेक वेळा त्या घोड्यासाठी नव्हे. कोणाला कॅफेत बसायचं असतं, कोणाला निळ्या सिनेगॉगपुढे फोटो काढायचा असतो, कोणाला हातमागाचा कुर्ता बघायचा असतो आणि जमलं तर एखादी गॅलरी. तिथे गेल्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पूर्वी इथे कला होती, आता नुसती दुकानं आहेत.’ वाक्य ऐकायला बरं वाटतं. फक्त इतिहास उलटा आहे. इथे दुकानं आधी आली, कला नंतर. कितीतरी वेळा तर कला दुकानातूनच बाहेर पडली.

म्हणून दुकान विरुद्ध गॅलरी हे भांडण मला फारसं कामाचं वाटत नाही. या अर्ध्या किलोमीटरच्या परिसराकडे बघताना दुसरा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. कोणतं दार कोणासाठी उघडं होतं? आणि खिशात पैसे नसलेला माणूस त्या दारातून आत जाऊ शकत होता का?

तट पडला, बाजार आला

‘फोर्ट’ हे नाव आज फक्त पत्त्यात उरलं आहे, पण तिथे खरोखरच किल्ला होता. तटबंदी, खंदक आणि तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान. त्या मैदानाला एस्प्लनेड म्हणत. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडण्यात आला. जिथे तट होता तिथल्या रस्त्याचं नाव पडलं रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. आज पाट्यांवर ते के. दुबाश मार्ग असं लिहिलेलं असतं.

हा काळही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशाच्या लाटेत शहराची नवी इमारतबांधणी सुरू झाली.

त्यातली पहिली नवलाई म्हणजे वॉटसन्स हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याला मुळात हवी होती आपल्या कापड व्यवसायासाठी दिमाखदार इमारत. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. १८७१मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. म्हणजे काळा घोड्याची सगळ्यात गाजलेली इमारत जन्माला आली ती कापडाच्या दुकानाच्या हिशोबातून.

याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. हॉटेल गोऱ्यांचं, त्यामुळे प्रेक्षकही बहुतेक गोरेच. आठवड्याभराने खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलले. तिथे कमी-जास्त दरांची तिकिटं निघाली, पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी बसायची सोय झाली आणि गावातली माणसं सिनेमा बघू लागली. लुमिएर यांचे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती चित्रित केली. सावे दादांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीलाही एक दुकानदार उभा आहे.

सिनेमा वॉटसन्समध्येच अडकून राहिला असता तर सावे दादांसारख्यांपर्यंत तो कधी पोहोचला असता, कोण जाणे. दार रुंद झालं तेव्हा पुढची गोष्ट घडली. काळा घोड्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा होताना दिसतं.

त्याच रस्त्यावर १८९०च्या दशकात आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आली. ही सोसायटी लंडनमध्ये १८७१मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी स्थापन केली होती. सभासद व्हा आणि स्वस्तात माल घ्या, असा हिशोब. मुंबईतल्या साहेबाला इथे तंबूपासून बिस्किटाच्या डब्यापर्यंत विलायती संसार मिळायचा. थोड्याच वर्षांत बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली आणि याच फोर्टात बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघालं. त्याच्या उभारणीत लोकमान्य टिळकांचाही सहभाग होता. एका दुकानात साम्राज्य विकत मिळायचं, दुसऱ्यात त्याला विरोध. खरेदी हा राजकारणाचा विषय आहे हे शहराला तेव्हाच कळलं होतं.

आर्मी अँड नेव्हीची इमारत अजून उभी आहे. तळमजल्यावर आता वेस्टसाइडचं कपड्यांचं दुकान आहे. वर ‘मार्ग’ या कलेला वाहिलेल्या नियतकालिकाचं कार्यालय. मुल्कराज आनंद यांनी १९४६मध्ये ते सुरू केलं. खाली सेल, वर शिल्पकलेवरचे लेख. काळा घोड्याचा नमुना हवा असेल तर ही एक इमारत पुरे.

पेल्याचा प्रश्न

रस्त्याच्या त्याच बाजूला दगडी कमानींची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. ती बांधली गेली सरकारी छापखान्यासाठी, पण १८८८पासून कॉलेज तिथे नांदू लागलं. या कॉलेजात १९०८मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. मुल्लर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तकं दिली, कपडे दिले. आणि कॉलेजातला हॉटेलवाला मात्र या मुलाला चहा काय, पाणीही देत नव्हता. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात याची नोंद आहे.

कलेच्या गल्लीचा इतिहास सांगताना हा प्रसंग कशाला, असं वाटू शकतं. पण मला तो मध्यभागी ठेवावासा वाटतो. कारण इथल्या दारांवर नुसती किमतीची पाटी नव्हती. वॉटसन्सच्या दारावर कातडीचा रंग बघत होते, आर्मी अँड नेव्हीत सभासदत्व, आणि देशी माणसाने चालवलेल्या चहाच्या टेबलावर जात. पैसे देऊनही चहा न मिळणं आणि पैसे न देताही बसता येणं, या दोन टोकांच्या मधला सगळा प्रवास या चौकाने पाहिला आहे.

शेजारीच डेव्हिड ससून लायब्ररी. तिचं मूळ १८४७ सालचं. टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या मेकॅनिक मंडळींनी स्वतःच्या ज्ञानासाठी एक संस्था काढली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८७०मध्ये तिला आजची इमारत मिळाली. आत डेव्हिड ससून यांचा संगमरवरी पुतळा आहे. इमारत पाहून वाटतं, ही साहेबांची जागा असणार. सुरुवात मात्र यंत्रावर काम करणाऱ्या हातांनी केलेली. मागे बाग आहे, व्हरांड्यात आरामखुर्च्या आहेत आणि त्या खुर्च्यांवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेल्या सभासदांच्या पिढ्या आहेत. २०२३मध्ये मोठी डागडुजी होऊन ती पुन्हा उजळली.

फ्रेमचं दुकान

आता मुख्य गोष्ट. काळा घोडा कलेचा झाला कसा?

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७पासून जवळच होतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८मध्ये सुरू झाली. चित्रं काढणारी माणसं तयार होत होती, वार्षिक प्रदर्शनं भरत होती, पदकं मिळत होती. नव्या तऱ्हेचं चित्र लावायला कायमची भिंत मात्र नव्हती. आणि ते विकत घ्यायला गिऱ्हाईकही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हिटलरच्या तावडीतून निसटलेली काही माणसं मुंबईत आली. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा आर्ट डायरेक्टर झाला. रूडॉल्फ फॉन लायडन हा जर्मन माणूस त्याच पेपरात कलेवर लिहू लागला. व्हिएन्नाहून आलेल्या एमॅन्युएल श्लेसिंगरने औषधांचा कारखाना काढला आणि तो चित्रं विकत घेऊ लागला. एकाने शिकवलं, एकाने लिहिलं, एकाने पैसे मोजले. आपला देश गमावून आलेल्या तिघांनी आपल्या तरुण चित्रकारांना आधार दिला.

चौथा माणूस होता केकू गांधी. त्याने १९४१मध्ये चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. नाव केमोल्ड, म्हणजे केमिकल मोल्डिंग्ज. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाच्या काचेत रिकाम्या चौकटी मांडून काय उपयोग? म्हणून त्यात तरुण चित्रकारांची चित्रं बसवून ठेवली. लोक चौकट बघायला थांबायचे, नजर चित्रावर जायची. मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेच्या पहिल्या गॅलऱ्यांपैकी एक अशी फ्रेमवाल्याच्या शोकेसमध्ये सुरू झाली.

१९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्या सहाजणांकडे एकदा नीट बघा. फ्रान्सिस न्यूटन सूझा हा गोव्यातल्या साळगावचा, जे. जे.मधून काढून टाकलेला. मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आणि एका फर्निचरच्या दुकानासाठी लहान मुलांची खेळणी डिझाइन करून पोट भरणारा. के. एच. आरा दुसऱ्यांच्या गाड्या धुणारा. हरी अंबादास गाडे विदर्भातला. सय्यद हैदर रझा मध्य प्रांतातल्या जंगलाजवळच्या गावातून आलेला. सदानंद बाकरे शिल्पकार, आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात मुरुड-हर्णैच्या बाजूला काढली. या सहाजणांत एकही ‘दक्षिण मुंबईचा’ नव्हता. १९४९मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या छोट्याशा सॅलोंमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि उद्घाटन केलं मुल्कराज आनंद यांनी.

जागा छोटी पडत होती. चित्रकार के. के. हेब्बार आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला आणि सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या स्मरणार्थ कलादालन बांधायला पैसे दिले. दुर्गा बाजपेयी यांनी आराखडा केला. आजूबाजूला कमानी आणि घुमट, आणि मध्ये ही काँक्रीटच्या छताची आधुनिक इमारत. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या हस्ते जहांगीर आर्ट गॅलरी उघडली.

प्रवेश फुकट. आजही फुकट. आत शिरताना कोणी नाव विचारत नाही. हॉल ठराविक दिवसांसाठी भाड्याने मिळतो, त्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. त्यामुळे एका हॉलमध्ये मोठं नाव आणि शेजारच्या हॉलमध्ये कोल्हापूर, सांगली किंवा अकोल्याहून चित्रं टेम्पोत घालून आलेला कोणीतरी, असं दृश्य इथे नेहमीचं. तो आठवडाभर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघतो. पुढच्या वेळी तुम्ही जाल तेव्हा त्याच्याशी बोला. त्याला हवंच असतं.

उघड्या दारातून पोलीसही आत येतात. १९५४मध्ये पॅरिसहून परतलेल्या अकबर पदमसी यांचं प्रदर्शन जहांगीरमध्ये लागलं. ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रं अश्लील आहेत, ती उतरवा, असं पोलिसांनी सांगितलं. पदमसींनी नकार दिला. खटला उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले. तेव्हा ते पंचविशीतले होते. हॉल भाड्याने घेतलेला, तो आठवडा आपला, आणि चित्र उतरवायचं नाही, एवढ्यावर ते ठाम राहिले.

१९६३मध्ये केकू आणि खुर्शीद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याच वर्षी काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी काढली. सार्वजनिक दालनाच्या पोटात खासगी गॅलरी आणि खाली रस्त्यावर वर्दळ. दुकान आणि कला अशी एका जिन्यावर राहायला लागली.

चहा, गाणी आणि गुरुवार

चित्रं बघून झाल्यावर माणसाला बसायला जागा लागते. १९६४मध्ये उषा खन्ना यांनी जहांगीरच्या लांबट व्हरांड्यात ‘समोवार’ सुरू केलं. रेल्वेच्या डब्यासारखी अरुंद जागा, एका बाजूला हिरवळ. परवडणारा चहा, पराठे, पकोडे. ज्यांची चित्रं अजून विकली जात नव्हती अशांनाही तिथे तासन् तास बसता यायचं, हेच तिचं खरं मोल.

पलीकडे रिदम हाउस, १९४०च्या दशकातलं. पूर्वी तिथे रेकॉर्ड ऐकायला बूथ होते. एक रेकॉर्ड मागायची, आत जायचं, ऐकायचं, आणि ‘नको’ म्हणून परत द्यायची. स्पॉटिफायच्या जमान्यात यात काय विशेष, असं वाटेल. पण ज्या घरात ग्रामोफोन नव्हता, त्या घरातल्या मुलाने भीमसेन जोशी किंवा बीटल्स पहिल्यांदा कुठे ऐकले असतील याचा विचार करा. ‘चेतना’ १९४६पासून होतं, पुस्तकं आणि शाकाहारी जेवण एकाच छपराखाली.

आणि वेसाइड इन. चौकाकडे तोंड असलेलं जुन्या वळणाचं रेस्टॉरंट. तिथे वर्षानुवर्षं अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र जमत. गुरुवारी दुपारी भेटायचं, हा त्यांचा शिरस्ता. कोलटकर जे. जे.त शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले ग्राफिक डिझायनर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले थोर कवी. समोर जहांगीर होती, म्युझियम होतं, पण खिडकीतून त्यांनी पाहिलं ते तिसरंच. वाहतुकीच्या बेटावर पडलेलं गल्लीतलं कुत्रं, सकाळी इडली विकायला आलेली बाई आणि तिच्याभोवती जमणारे रस्त्यावरचे लोक, कचरा गोळा करणाऱ्या बायका. २००४मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ‘काळा घोडा पोएम्स’ काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. या परिसरावरचं सगळ्यात मोठं पुस्तक चित्रांविषयी नाही. गॅलरीच्या बाहेर राहणाऱ्या माणसांविषयी ते आहे. आणि ते सुचलं एका टेबलावर, जिथे कोणी बिल लवकर भरायची घाई केली नाही.

भाड्याचं गणित

एका कपावर दोन तास बसू देणं मालकाला परवडायचं कसं? चांगुलपणा होताच, पण त्याखाली एक कायदाही होता.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. शहर वाढलं, महागाई वाढली, भाडं तिथेच. फोर्टातल्या कितीतरी जुन्या इमारतींत दुकानं, ऑफिसं, खानावळी आणि संस्था नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. तो सौदा घरमालकाला कधीच मान्य नव्हता, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. भाड्यातून रंग लावायचे पैसेही निघत नसतील तर दुरुस्ती कोण करणार? वॉटसन्सचं काय झालं बघा. लोखंडी सांगाड्याची ती इमारत शेकडो भाडेकरूंच्या खोल्या-कार्यालयांत वाटली गेली, गंजत गेली. २००५मध्ये तिचा काही भाग कोसळून जीव गेला. २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती रिकामी केली गेली. सिनेमाचा पहिला खेळ जिथे झाला ती इमारत आज कुलपात आहे. स्वस्त भाड्याची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजत होतं.

१९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. त्यानंतर नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं गेलं. बड्या भाडेकरूंच्या जागांना बाजारभाव आला. उरलेल्यांना वर्षाला चार टक्के वाढ. जागा एकदा सुटली की ती पुन्हा जुन्या भाड्याने कोणाला मिळणार नव्हती. नवा भाडेकरू येणार तो लीव्ह अँड लायसन्सवर, चालू दराने. आणि चालू दराने भाडं भरणारा माणूस एका चहावर दोन तास बसू देऊ शकत नाही.

प्रत्येक दाराची गोष्ट वेगळी आहे, हेही खरं. वेसाइड इन नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. केमोल्ड २००७मध्ये मोठ्या जागेसाठी प्रेस्कॉट रोडला गेली. समोवार, गॅलरीशी जागेवरून चाललेल्या लांबलचक वादानंतर, ३१ मार्च २०१५ रोजी शेवटचा चहा पाजून मिटलं. रिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं. त्याला भाड्याने नाही, पायरसीने आणि फोनवर आलेल्या गाण्यांनी मारलं. पुढे ती वास्तू हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि २०१८मध्ये बँक घोटाळ्याच्या चौकशीत ईडीने ती जप्त केली. काही वर्षं त्या ओळखीच्या पाटीखाली नुसतं शटर होतं.

मोकळ्या झालेल्या जागांत काय आलं ते आपण बघतोच. रॅम्पार्ट रोवरच्या अडोर हाउसमध्ये चित्रकारांचं ‘आर्टिस्ट्स सेंटर’. त्याच इमारतीत सब्यसाची यांच्या लग्नाच्या कपड्यांचं दालन आलं. जुन्या फोर्ब्स स्ट्रीटवर, म्हणजे व्ही. बी. गांधी मार्गावर, जुन्या इमारतींचे तळमजले डिझायनर दुकानं आणि कॅफे झाले. काहींनी जुन्या भिंती, लाकडी तुळया जपल्या आहेत. कारागिरांना थेट बोलावून त्यांचं काम दाखवणाऱ्याही जागा आहेत. ती सगळी वाईट आहेत असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. पण शोकेसच्या काचेपलीकडे गार्ड उभा असतो आणि आत जायचं की नाही हे आपण चपलेकडे बघून ठरवतो. वॉटसन्सच्या दारावर जे काम पाटी करत होती, ते आता आपला आपणच संकोच करतो.

रस्ता हीच गॅलरी

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९मध्ये पहिला काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल झाला. मुंबईत १९९५मध्ये वारसा इमारतींचे नियम आले होते आणि परिसराची डागडुजी करायला पैसा हवा होता. नऊ दिवस रॅम्पार्ट रो गाड्यांना बंद आणि माणसांना खुला. प्रवेश मोफत. विरार, अंबरनाथ, पनवेलहून लोकल पकडून आलेली पोरं तिथे पहिल्यांदा एखादं इन्स्टॉलेशन बघतात. गर्दी होते, धक्काबुक्की होते, चित्रापेक्षा सेल्फी जास्त होतात. नाक मुरडणारे मुरडतात. नॉव्हेल्टी थिएटरमध्ये स्वस्त तिकिटावर हलतं चित्र बघायला झुंबड उडाली असेल, तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच असणार.

वर्षभर चालणारा खुला बाजार मात्र जहांगीरच्या बाहेर फूटपाथवर आहे. आर्ट प्लाझा म्हणतात त्याला. रांगेने मांडलेली चित्रं, शेजारी स्टुलावर चित्रकार, आणि पाच-दहा मिनिटांत तुमचं पोर्ट्रेट काढून देणारे. किंमत समोरासमोर ठरते. आत भिंतीसाठी वर्षानुवर्षांची रांग आणि बाहेर पावसाळ्यात प्लास्टिकखाली झाकलेली चित्रं. यांच्यातलं अंतर एका पायरीचं. मार्च २०२५मध्ये हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. ते चित्र १९५४ सालचं. म्हणजे पदमसींवर खटला चालला त्याच वर्षीचं. होर्डिंगं रंगवणाऱ्या त्या माणसाची सुरुवात फूटपाथच्या किती जवळून झाली होती, हे बाहेर बसलेल्या चित्रकारांना कोणी सांगायची गरज नाही.

चौकापलीकडे सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडलं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे, ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे चित्रकार. उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर यांनी विचारलं की प्रदर्शनं ठरवणाऱ्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या का मोडल्या. त्यांना मध्येच वारंवार टोकण्यात आलं. बोलायला बोलावलेल्या माणसाला हॉलमध्ये पूर्ण बोलू दिलं गेलं नाही. दार उघडं असणं आणि आतल्या भिंतीवर काय लागेल हे ठरवण्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदमसींच्या वेळी प्रश्न पोलिसांचा होता, इथे दिल्लीतल्या खात्याचा.

त्यामुळे ‘काळा घोडा संपला’ असं मी म्हणणार नाही. १८७९पासून तो दर तीस-चाळीस वर्षांनी संपतो आहे. साहेबांचं दुकान गेलं, वरती ‘मार्ग’ आलं. तट गेला तिथे सॅलों आला. राजा गेला, आता घोडा एकटा आहे. बदल होत राहणार, भाडी वाढणार, शोरूम येणार. या परिसराने आजवर जे काही मोठं दिलं ते मात्र अशाच जागांतून आलं, जिथे पैसे नसलेल्या, नाव नसलेल्या माणसाला कोणीतरी आत येऊ दिलं. फ्रेमवाल्याची काच, फुकट हॉल, रेकॉर्डचा बूथ, एका चहाचं टेबल. अशी दारं मोजून ठेवली पाहिजेत, कारण बंद होताना ती आवाज करत नाहीत.

आज उघडी असलेली काही सांगतो. जहांगीरचे हॉल रोज सकाळी अकराला उघडतात. वरच्या मजल्यावर जायला लाजू नका. मॅक्स म्युलर भवनात छोटी गॅलरी आहे. कुलाब्याकडच्या खासगी गॅलऱ्यांत बेल वाजवावी लागते, पण पैसे लागत नाहीत. आणि ‘आर्ट नाइट’च्या गुरुवारी त्या रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. आत जा, पांढऱ्या भिंतींमध्ये उभे राहा, पाहिजे तितका वेळ बघा. कोणी ‘काय हवंय?’ असं विचारलंच तर ‘बघतोय’ किंवा ‘बघतेय’ म्हणा. त्या एका शब्दावर हा चौक दीडशे वर्षं चालला आहे.